मोटारीच्या टपावरून कयाकची वाहतूक
कयाक ही वल्ह्याने चालविण्याची अरुंद, हलकी नौका असून ती मोटारीच्या टपावरील आडव्या दांड्यांवर बांधून नेता येते. तापीकाठच्या सुरतेहून राष्ट्रीय महामार्ग ४८ने व पनवेलपासून ६६ने गोव्याकडे येताना वाऱ्याचा दाब हा मुख्य धोका ठरतो. वेग ताशी ४०वरून ८० किलोमीटर झाल्यास हा दाब चौपट होतो. त्यामुळे दोन पट्ट्यांखेरीज नौकेची दोन्ही टोके स्वतंत्र दोरांनी मोटारीस बांधावीत. पॉलिएस्टरचे पट्टे भिजल्यावर नायलॉनइतके सैलावत नाहीत. तरीही काही अंतरावर थांबून ते पुन्हा आवळावेत. मोटार वाहन कायद्यातील २०१९च्या दुरुस्तीनुसार भार विहित मर्यादेबाहेर आल्यास २०,००० रुपये दंड होतो. शिवाय तो उतरविण्याचा खर्चही भरावा लागतो.