परकीय चकतीची जोडणी आणि अभिलेखांचे वाचन

वर्धा नदीच्या दक्षिणेस, तेलंगणाच्या सीमेला लागून असलेला कोरपना तालुका हा जुन्या राजुरा तालुक्यातून वेगळा झालेला प्रदेश होय. राजुरा तालुका १९५६ पर्यंत हैदराबाद राज्याच्या आदिलाबाद जिल्ह्यात होता. राज्यपुनर्रचनेनंतर तो प्रथम नांदेड जिल्ह्यास व १९५९ मध्ये चांदा जिल्ह्यास जोडण्यात आला. या भागाच्या अभ्यासकास निजामी राजवटीची उर्दू कागदपत्रे पाहावी लागतात. त्यांतील फसली सनात ५९० किंवा ५९१ मिळविल्यावाचून इसवी सन हाती येत नाही. आणि १९५४–५५ च्या खासरा पाहणीतील एखादी नोंद उलगडावयाची तर त्या पत्रकातील रकान्यांचा क्रम ठाऊक असावा लागतो. सारांश, लिपी, मांडणी आणि कालगणना ही तीन अंगे समजल्याखेरीज परक्या राजवटीचे दप्तर आपल्या कपाटात असूनही आपले होत नाही.

हाच प्रश्न संगणकाच्या चकतीबाबत उद्भवतो आणि त्याचा इतिहास अभिलेखांच्या अभ्यासकास उपेक्षणीय नाही. चकतीवर मजकूर अखंड लिहिलेला नसतो. तो लहान लहान खंडांत विखुरलेला असतो, आणि कोणत्या धारिकेचे खंड कोठे आहेत, तिचे नाव काय, ती केव्हा बदलली, याची सूची त्याच चकतीवर ठेवलेली असते. सूची ठेवण्याच्या या पद्धतीस धारिका-व्यवस्था म्हणतात. प्रत्येक संगणक-प्रणालीने आपापली व्यवस्था निर्माण केल्यामुळे एकीची चकती दुसरीला परकी ठरते. ती वाचण्याचे दोन मार्ग आहेत. एक, सर्व मजकूर आपल्या पद्धतीत उतरवून घेणे. दुसरा, मूळ चकती आहे तशीच ठेवून तिची सूची वाचणारा दुभाषी नेमणे व तिला आपल्या धारिका-वृक्षाच्या एका फांदीवर जोडणे. दुसऱ्या मार्गाच्या आज्ञेचे नाव ‘माउंट’.

चुंबकीय फितीचे रीळ किंवा चकत्यांचा संच यंत्रावर हाताने चढविण्याच्या क्रियेवरून हा शब्द आला. बेल प्रयोगशाळेत केन टॉम्पसन व डेनिस रिची यांनी घडविलेल्या युनिक्स प्रणालीच्या ३ नोव्हेंबर १९७१ च्या पहिल्या पुस्तिकेत ही आज्ञा आढळते. आज्ञा-ओळीवर साधनाचे नाव आणि जोडस्थानाचे नाव एवढे लिहिले की बाहेरील चकती मुख्य वृक्षाचा भाग होई. वापरणाऱ्यास ती वेगळी आहे हे जाणवतही नसे. मात्र जोडावयाची चकती युनिक्सच्याच पद्धतीची असावी लागे. परक्या व्यवस्थेचा विचार तेव्हा झालेला नव्हता.

तो विचार १९८० च्या दशकात झाला. सन मायक्रोसिस्टिम्स या कंपनीत प्रणालीचा गाभा आणि प्रत्यक्ष धारिका-व्यवस्था यांच्यामध्ये एक अमूर्त थर घालण्यात आला. स्टीव्ह क्लाइमन यांनी १९८६ च्या निबंधात त्याचे विवेचन केले. गाभ्याने ‘उघड, वाच, लिही’ एवढेच सांगावे आणि त्याचा अर्थ त्या त्या व्यवस्थेच्या दुभाष्याने लावावा, हे त्याचे सार. लिनक्सने १९९२ मध्ये हे तत्त्व स्वीकारले. त्यानंतर माउंट या आज्ञेत साधन व जोडस्थान यांच्याबरोबर ‘प्रकार’ हे तिसरे पद महत्त्वाचे ठरले. वेर्नर आल्मेसबर्गर यांनी त्याच सुमारास मायक्रोसॉफ्टच्या डॉस प्रणालीतील फॅट व्यवस्थेचा दुभाषी लिहिला.

परंतु दुभाष्यास भाषा शिकावयास मिळाली पाहिजे. १९९३ मध्ये विंडोज एनटीबरोबर आलेल्या एनटीएफएस व्यवस्थेचे पूर्ण वर्णन प्रसिद्ध झालेले नव्हते. स्वतंत्र अभ्यासकांनी चकतीवरील अंक तपासून तिची रचना अनुमानाने उलगडली. वाचन प्रथम साधले. भरवशाने लिहिता येण्यास मात्र २००७ साल उजाडावे लागले. याउलट एक्सफॅट या व्यवस्थेचे वर्णन मायक्रोसॉफ्टने ऑगस्ट २०१९ मध्ये प्रसिद्ध केले आणि त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात तिचा दुभाषी लिनक्सच्या गाभ्यात दाखल झाला. अभिलेखाचे आयुष्य केवळ चकतीच्या टिकाऊपणावर अवलंबून नसून तिच्या मांडणीचे वर्णन खुले आहे की नाही यावरही अवलंबून आहे, असे या दोन उदाहरणांवरून म्हणता येते.

परकी चकती जोडली गेली म्हणजे ती यथार्थ वाचली गेली, असे मात्र नव्हे. येथे चार गोष्टी ध्यानात ठेवावयास हव्यात.

पहिली कालगणनेची. युनिक्स १ जानेवारी १९७० पासून काळ मोजते, फॅट १९८० पासून, एनटीएफएस १६०१ पासून आणि ॲपलची जुनी व्यवस्था १९०४ पासून. यांतील सनांतर दुभाषी आपोआप करतो. पण फॅट व्यवस्था स्थानिक वेळ नोंदविते आणि ती कोणत्या स्थळाची हे सांगत नाही. चंद्रपुरात लिहिलेल्या धारिकेची वेळ जागतिक प्रमाणवेळ समजून वाचली, तर साडेपाच तासांची चूक पडते व प्रसंगी तारीखही बदलते.

दुसरी स्वामित्वाची. फॅट व्यवस्थेत धारिकेच्या मालकाची नोंदच नसते. युनिक्स पद्धतीत मालकाचा रकाना अनिवार्य असल्याने जोडणी करणाऱ्याचे वा त्याने सांगितलेले नाव तेथे दिसते. ही नोंद पुराव्यातील नसून वाचकाकडून आलेली आहे.

तिसरी लिपीची. १९९५ नंतरच्या फॅट व्यवस्थेत लांब नावे युनिकोडमध्ये राहतात. जोडणी करताना योग्य वर्णसंच सांगितला नाही, तर देवनागरी नावांच्या जागी प्रश्नचिन्हे येतात. याहून कठीण अडचण मजकुराची आहे. युनिकोडपूर्व काळात आयएसएम, श्रीलिपी अशा साधनांनी टंकलेले पुष्कळसे मराठी लेखन विशिष्ट टंकाशी बांधलेले आहे. तेथे चकती जोडली जाते, धारिका उघडते, तरी अक्षर लागत नाही. कारण माउंटचे कार्य धारिकेच्या दारापर्यंतच आहे.

चौथी गोष्ट सर्वांत महत्त्वाची. जोडणी ही निरुपद्रवी क्रिया नाही. लिहिण्याची मुभा ठेवून जोडलेल्या चकतीवर केवळ वाचनानेही वेळेच्या नोंदी बदलू शकतात. ‘केवळ वाचन’ असा निर्बंध घातला, तरी लिनक्सच्या एक्स्ट३ व एक्स्ट४ व्यवस्थांत अपुरी राहिलेली रोजनाम्यातील कामे जोडणीच्या वेळी पूर्ण केली जातात आणि मूळ बदलते. ते टाळण्यास स्वतंत्र पर्याय द्यावा लागतो. म्हणून प्रथम संपूर्ण चकतीची खंडशः प्रतिमा घ्यावी, मूळ चकती बाजूस ठेवावी आणि प्रतिमाच वाचनापुरती जोडावी, ही रीत इष्ट होय. जीर्ण कागद वारंवार न हाताळता त्याच्या छायाप्रतीवर काम करण्यासारखेच हे आहे.

चंद्रपूर–गडचिरोलीच्या इतिहासाची गेल्या तीन-चार दशकांतील साधने केवळ कागदावर राहिलेली नाहीत. सहकारी संस्था, शाळा, वनविषयक पाहण्या, गोंडी व कोलामी भाषांचे संकलन अशा कामांच्या नोंदी जेथे लवचीक चकत्यांवर वा जुन्या संगणकांत असतील, तेथे त्या मिळविताना चकतीबरोबर चार ओळींचे टिपणही मिळवावे: ती कोणत्या प्रणालीवर लिहिली, कोणता टंक वापरला, यंत्राचे घड्याळ कसे होते आणि ती कोणाच्या ताब्यात होती. आज ती माणसे सांगू शकतात. निजामी पत्रकांचे रकाने समजावून देणारे जुने कारकून गेल्यावर जी अडचण अभ्यासकांपुढे उभी राहते, ती या नव्या दप्तराबाबत टाळणे अद्याप आपल्या हाती आहे.