'फुल्ली रिस्टोअर्ड' १९६१ ची लिंकन कॉन्टिनेंटल: विक्रीची जाहिरात कशी वाचायची?

जुन्या अमेरिकन गाड्यांच्या रील्स बघत असाल, तर ही गाडी तुम्ही नक्की पाहिली असेल. लांबलचक, सरळ रेषेतली, फारशी नक्षी नसलेली, आणि मागची दारं उलट्या बाजूने उघडणारी. ही १९६१ ची लिंकन कॉन्टिनेंटल. अमेरिकेत ती आजही विक्रीला येते आणि जाहिरातीत बहुतेक वेळा एक शब्द ठरलेला असतो: 'रिस्टोअर्ड'.

अशा जाहिराती वाचणं हा माझा छंद आहे. गाडी घ्यायचं बजेट नाही, पण एक गोष्ट कळली आहे: विकणारा खरं बोलतोय का, हे निम्मं तरी घरबसल्या मोबाईलवर तपासता येतं. कसं, ते बघूया.

आधी गाडीची ओळख

लिंकन हा फोर्ड कंपनीचा लक्झरी ब्रँड. १९६० पर्यंतची कॉन्टिनेंटल अवाढव्य होती, सुमारे २२७ इंच लांब. १९६१ च्या मॉडेलने ती लांबी २१२ इंचांवर आणली, म्हणजे साधारण ५.४ मीटर. डिझाइन एलवूड एंगल यांचं. गंमत म्हणजे ते सुरुवातीला थंडरबर्ड या दोन दारांच्या गाडीसाठी केलेलं होतं. फोर्डमधले त्या वेळचे वरिष्ठ अधिकारी रॉबर्ट मॅकनामारा यांनी ते पाहिलं आणि त्यातून चार दारांची लिंकन तयार झाली.

थोडक्यात माहिती:

• इंजिन: ४३० क्युबिक इंच, म्हणजे सुमारे ७ लिटरचं व्ही-८
• ताकद: ३०० हॉर्सपॉवर
• गिअर: ३ स्पीड ऑटोमॅटिक
• वजन: सेडानचं सुमारे २,२०० किलो
• कारखाना: विक्सम, मिशिगन
• वॉरंटी: २ वर्षं किंवा २४,००० मैल. त्या काळात अमेरिकेत एवढी वॉरंटी कोणी देत नव्हतं.

३०० हॉर्सपॉवर वाचून आजच्या गाडीशी तुलना करू नका. तेव्हा इंजिन बाहेर काढून, सायलेन्सर आणि इतर जोडकाम न लावता ताकद मोजायचे. याला ग्रॉस आकडा म्हणतात. अमेरिकन कंपन्या १९७२ च्या सुमारास नेट आकड्यांवर आल्या. त्यामुळे चाकांपर्यंत पोचणारी खरी ताकद बरीच कमी समजा.

'रिस्टोअर्ड' म्हणजे नक्की काय?

इथेच खरी मेख आहे. या शब्दाची कुठलीही सक्तीची व्याख्या नाही. रिफर्बिश्ड फोनचं उदाहरण घ्या. एका दुकानात त्याचा अर्थ नवी बॅटरी, नवा डिस्प्ले आणि पूर्ण तपासणी; दुसऱ्या दुकानात फक्त बॉडी पुसून नवा कव्हर. गाडीचंही तसंच. कोणी पत्रा कापून नवा बसवतो, इंजिन उघडून दुरुस्त करतो. कोणी गंजावर पुट्टी भरून वरून चकचकीत रंग मारतो. फोटोत दोन्ही सारख्याच दिसतात!

मोबाईलवरून करता येतील अशा ५ तपासण्या

१. 'फ्रेम-ऑफ रिस्टोरेशन' लिहिलंय का? या शब्दाचा अर्थ बॉडी चासीवरून उचलून दोन्हीचं वेगवेगळं काम करणं. पण १९६१ च्या कॉन्टिनेंटलला वेगळी चासी नाहीच. ती युनिबॉडी आहे, म्हणजे बॉडी आणि सांगाडा एकच. तेव्हा असा दावा दिसला, तर विकणाऱ्याला गाडीची माहिती नाही किंवा तो ऐकीव शब्द वापरतोय. युनिबॉडीमुळे दुसरा मुद्दाही येतो: खालचा पत्रा गंजला की तो नुसता दिसायला खराब होत नाही, गाडीची मजबुतीच जाते. म्हणून वरच्या दहा फोटोंपेक्षा गाडीखालचा एक फोटो महत्त्वाचा. तो मागा. देत नसतील तर समजून जा.

२. नंबर वाचा. हा व्हीआयएन नंबर सध्याच्या ॲपमध्ये टाकला तर चालणार नाही, कारण १७ अक्षरांचा व्हीआयएन १९८१ च्या मॉडेल्सपासून आला. या गाडीचा नंबर ११ अक्षरांचा. उदाहरणार्थ १-वाय-८२-एच-४००००१. पहिला १ म्हणजे १९६१, वाय म्हणजे विक्सम, ८२ म्हणजे सेडान, एच म्हणजे ४३० चं इंजिन आणि शेवटी अनुक्रमांक. सेडानऐवजी ८६ असेल तर तो कन्व्हर्टिबलचा नंबर. गाडीवरच्या पाटीचा आणि मालकीच्या कागदाचा, दोन्हींचा फोटो मागा आणि अक्षर न अक्षर जुळवा.

३. इंजिन कोणतं सांगतात? ४६२ क्युबिक इंचाचं इंजिन लिहिलं असेल, तर ते १९६६ पासूनचं आहे. म्हणजे इंजिन बदललंय. त्यात गुन्हा नाही, पण मग 'ओरिजिनल' म्हणून जास्त किंमत का द्यायची?

४. मायलेजवर भाळू नका. त्या काळच्या बहुतेक अमेरिकन गाड्यांचं मीटर पाच आकडी. ९९,९९९ नंतर पुन्हा शून्य. त्यामुळे मीटरवरचे ६२,००० मैल प्रत्यक्षात १,६२,००० असू शकतात. जुन्या सर्व्हिस पावत्या असतील तरच आकडा धरा.

५. व्हिडिओ मागा. रात्रभर बंद असलेली गाडी सुरू करतानाचा, एकाच शॉटमधला. त्यात वायपरही चालवायला सांगा. या गाडीचे वायपर विजेवर नाही, पॉवर स्टिअरिंगच्या तेलाच्या दाबावर चालतात. रंगकाम करून विकणारा अशा भागांकडे सहसा वळत नाही. म्हणून वायपर नीट चालले तर काम मनापासून झाल्याची ती एक चांगली खूण.

याशिवाय जाहिरातीतले फोटो गूगल लेन्समध्ये टाकून बघा. तोच फोटो दुसऱ्या शहरात, दुसऱ्या किमतीला दिसला तर तिथेच थांबा. आणि त्या गावातल्या स्वतंत्र मेकॅनिककडून गाडी तपासून घेतल्याशिवाय ॲडव्हान्सचा एक डॉलरही पाठवायचा नाही.

आपल्याकडे याचा काय उपयोग?

भारतात २०२१ पासून ५० वर्षांपेक्षा जुन्या, खासगी दुचाकी आणि चारचाकींसाठी वेगळी विंटेज नोंदणी आहे. महाराष्ट्रात अशा गाडीच्या नंबरात 'एमएच'नंतर 'व्हीए' येतं. नव्या नोंदणीचं शुल्क २०,००० रुपये, मुदत १० वर्षं, आणि गाडी रोज वापरता येत नाही. मुख्य अट अशी की चासी, बॉडी किंवा इंजिनात मोठे फेरफार झालेले नसावेत. म्हणजे आजोबांची जुनी फियाट किंवा लॅम्ब्रेटा 'रिस्टोअर' करायला टाकताना 'मूळचं काय ठेवणार?' हा प्रश्न गॅरेजवाल्याला आधी विचारा. दर टप्प्याचे फोटो काढा, पावत्या जपा, काढलेले जुने पार्ट परत मागा.

कारण रंग कोणीही देऊ शकतं. 'रिस्टोअर्ड' या शब्दाची किंमत त्याच्या मागच्या फोटोंवर आणि पावत्यांवर ठरते.