सपाट वाघीण, ट्रॅक्टर आणि आपलं मीटरगेज

मालगाडीच्या डब्याला मराठीत वाघीण म्हणतात, हे सांगितलं की नातवंडं हसतात. जिला भिंती नाहीत, छप्पर नाही, ती सपाट वाघीण. सध्या मी तिचं छोटं मॉडेल करतोय, वर शेतीची यंत्रं लादलेलं. या वयात हा काय उद्योग, असं घरी विचारतात. उत्तर आपल्या बेळगावच्या इतिहासात आहे.

लोखंडी नांगराची गोष्ट इथूनच सुरू झाली. लक्ष्मणराव किर्लोस्कर मूळचे गुर्लहोसूरचे. बेळगावात सायकलच्या दुकानापासून सुरुवात करून ते कडबा कापायच्या यंत्रापर्यंत आणि पुढे लोखंडी नांगरापर्यंत पोचले. लोखंडाने जमीन नासते अशी शेतकऱ्यांची समजूत, त्यामुळे पहिला नांगर खपायला दोन वर्षं लागली. पुढे बेळगावची जागा सोडावी लागली. औंधचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी जमीन दिली आणि १९१० साली कारखाना कुंडल रोड स्टेशनजवळच्या माळावर गेला. तीच आजची किर्लोस्करवाडी. माळ ओसाड होता, पण शेजारून पुणे-बेळगाव रेल्वे जात होती. ती मीटरगेज.

नांगर माणसं उचलून डब्यात ठेवतील. ट्रॅक्टरचं तसं नाही, त्याला सपाट वाघीणच बरी. १९६९ साली १४ बँकांचं राष्ट्रीयीकरण झालं आणि आम्हा बँकवाल्यांच्या टेबलावर ट्रॅक्टरच्या कर्जाचे अर्ज येऊ लागले. रेल्वेने येणाऱ्या मालाची पावती, म्हणजे आर.आर., अनेकदा बँकेमार्फत येई. पैसे भरले की ती पार्टीच्या हातात, आणि ती दाखवली की मालधक्क्यावरून माल सुटे. उशीर झाला तर डेमरेज. आमच्या दृष्टीने तो कागद म्हणजेच माल!

सत्तरच्या दशकात पुणे-मिरज ब्रॉडगेज झालं, पण मिरजेच्या खाली आपल्याकडे मीटरगेजच राहिलं. त्यामुळे मिरजेला एका गाडीतला माल दुसऱ्या गाडीत चढवावा लागे. शिवाय बार्शी लाइनची नॅरोगेजही तिथेच. तीन गेज एका गावात! नव्वदच्या दशकात मिरज-लोंढा मार्गही रुंद झाला आणि मीटरगेजच्या वाघिणी या मार्गावरून गेल्या.

आता मॉडेलचा हिशेब. बाजारात सर्रास मिळणारा खेळण्यातला रूळ १६.५ मिलिमीटर रुंदीचा. तो १:८७ प्रमाणात परदेशी स्टँडर्ड गेजसाठी केलेला. आपलं मीटरगेज त्या प्रमाणात साडेअकरा मिलिमीटरच भरतं. पण प्रमाण १:६४ धरलं तर मीटरगेज १५.६ येतं, म्हणजे त्याच रुळावर जेमतेम एका मिलिमीटरचा फरक. आणि धातूच्या खेळण्यातले छोटे ट्रॅक्टर १:६४ मध्येच भरपूर मिळतात. सव्वातीन मीटरचा ट्रॅक्टर ५१ मिलिमीटरचा होतो, तळहातावर मावतो. ताळेबंद जुळल्याचा आनंद झाला!

वाघिणीची फळी प्लायवूडची, फळ्यांच्या रेघा सुरीने ओढलेल्या. ट्रॅक्टरच्या चाकांना पुढून-मागून काड्यापेटीच्या काडीची पाचर, आणि खोट्या दागिन्यातली बारीक साखळी चारी बाजूंनी ताणून बांधलेली. खऱ्या गाडीतही माल हलू नये म्हणून पाचर आणि साखळी हेच उपाय. सपाट वाघीण हलकी असते, वळणावर रूळ सोडते, म्हणून खाली लोखंडी नट चिकटवायचे. ट्रॅक्टरच्या मागे दोन लोखंडी नांगर मी मुद्दाम ठेवणार आहे. ते बेळगावसाठी.

सीमाभागातल्या आपल्या माणसांनी भाषेबद्दल पुष्कळ लिहून ठेवलं. मालधक्का, हमाल, वाघिणी, यंत्रं यांच्याबद्दल मात्र फार कमी. आणि ते पाहिलेली पिढी आता सत्तरी-ऐंशीत आहे. कुणाच्या घरी मीटरगेज मालगाडीचा फोटो, जुनी आर.आर. किंवा मालधक्क्यावर काम केलेले वडीलधारे असतील तर जरूर कळवा. वाघिणीचा रंग नि तिच्यावरची अक्षरं बरोबर यायला हवीत.