निळ्यापासून विटकरीपर्यंत

लघवीला मुंग्या लागणे हे प्रमेहाचं पूर्वलक्षण म्हणून चरकसंहितेत नोंदवलेलं आहे. वैद्यांना गोडवा ठाऊक होता. तो कशाचा आणि कुठून येतो, हे कळायला मात्र फार काळ जावा लागला.

१६७४ साली इंग्लंडमध्ये थॉमस विलिस यांनी मधुमेहींची लघवी मधासारखी गोड लागते, असं लिहून ठेवलं. म्हणजे तोवर परीक्षेचं साधन जीभच होती. शंभर वर्षांनी, १७७६मध्ये, लिव्हरपूलच्या मॅथ्यू डॉब्सन यांनी रुग्णाची लघवी आटवली, तेव्हा तळाशी साखर उरली. रक्तातलं पाणीही गोड असल्याचं त्यांनी नोंदवलं. या सगळ्या इतिहासात मला हीच नोंद सर्वांत मोलाची वाटते. साखर मूत्रपिंडात तयार होत नाही, ती रक्तातूनच उतरते, हे तिथून उमगू लागलं. १८१५मध्ये फ्रान्सच्या शेव्रल यांनी ती द्राक्षातलीच साखर असल्याचं दाखवलं.

पुढचं काम मोरचुदाने केलं. अल्कधर्मी द्रावणात साखरेबरोबर तापवलं की त्यातल्या तांब्याचा लाल ऑक्साइड होऊन तो खाली बसतो. फेलिंग यांनी १८४०च्या दशकाअखेरीस ही परीक्षा पक्की केली, पण त्यांची दोन द्रावणं वेगळी ठेवून ऐन वेळी मिसळावी लागत. अमेरिकेच्या स्टॅन्ली बेनेडिक्ट यांनी विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात मोरचूद, सोडियम कार्बोनेट आणि सायट्रेट यांचं एकच टिकाऊ द्रावण बनवलं. परीक्षानळीत पाच मिलिलिटर द्रावण, लघवीचे आठ थेंब, मग उकळी. रंग निळाच राहिला तर साखर नाही. हिरवा, पिवळा, नारिंगी, विटकरी होत गेला तर ती वाढत्या प्रमाणात आहे. आपल्याकडे विज्ञान शिकलेल्या अनेकांनी हे रंग प्रात्यक्षिकात पाहिले असतील. एक खोट मात्र आहे: दूध पाजणाऱ्या आईच्या लघवीतली दुग्धशर्कराही तोच रंग आणते.

ही खोट काढली ती एका दांपत्याने. अमेरिकेतल्या एल्कहार्टच्या एम्स कंपनीत आल्फ्रेड आणि हेलन फ्री यांनी १९५६मध्ये क्लिनिस्टिक्स ही कागदी पट्टी आणली. तिच्यातलं एक विकर फक्त ग्लुकोजला ओळखतं आणि त्यातून हायड्रोजन पेरॉक्साइड तयार करतं. दुसरं त्या पेरॉक्साइडच्या मदतीने रंग पालटतं. ज्योत नको, नळी नको. रुग्णाला घरच्या घरी आपली साखर पाहता यावी, ही मोठी गोष्ट होती.

पण पट्टी सांगते ते नीट समजून घ्यायला हवं. रक्तातली साखर साधारण १८० मिलिग्रॅम प्रति डेसिलिटरच्या वर गेली की ती लघवीत उतरते. धरण भरल्यावरच सांडवा वाहावा, तशी. उपाशीपोटी १२६ किंवा अधिक म्हणजे मधुमेह. त्यामुळे १२६ ते १८०च्या दरम्यान रुग्ण मधुमेही असतो आणि पट्टी गप्प असते. गरोदरपणात ही मर्यादा खाली येते, म्हणून निरोगी बाईच्या लघवीतही साखर दिसू शकते. डॅपाग्लिफ्लोझिनसारखी औषधं तर मुद्दाम साखर लघवीवाटे बाहेर काढतात. ती घेणाऱ्याची पट्टी रक्तातली साखर आटोक्यात असतानाही रंग दाखवते.

तेव्हा लघवीत साखर नाही एवढ्या अहवालावर निश्चिंत राहू नका. घरात मधुमेह असेल तर उपाशीपोटीची रक्ततपासणी करून घ्या.