जुनी मोटार आणि मालकाचा पाना

अहिल्यानगर शहरांत, म्हणजे २०२४ सालापर्यंत सरकारी कागदांत ज्याचें नांव अहमदनगर होतें त्या शहरांत, चिलखती दलाचें रणगाडा-संग्रहालय आहे. रोल्स-रॉइस कंपनीच्या 'सिल्व्हर घोस्ट' सांगाड्यावर बांधलेली एक चिलखती मोटार तेथें ठेवलेली आहे. पाहणारे तिचें पोलाद पाहून पुढें जातात. मला मात्र त्या पिढीच्या मोटारींचें खरें नवल पोलादाखालीं आहे असें वाटतें. त्या गाड्या उघडण्यासाठींच बनविलेल्या होत्या. कारखाना हजारों मैल दूर; वाटेंत गाडी अडली तर दुरुस्त करणार कोण? चालविणारा आणि दुरुस्त करणारा एकच असावयाचा, हें त्या काळीं गृहीतच धरलेलें असे.

फोर्डचें 'मॉडेल टी' घ्या. १९०८ ते १९२७ या काळांत अशा दीड कोटीवर गाड्या निघाल्या. तिला पेट्रोलचा पंप नव्हता. टाकी बैठकीखालीं, आणि पेट्रोल केवळ आपल्या वजनानें इंजिनाकडे उतरे. टाकींत पेट्रोल थोडें असतां करंजीच्या किंवा इमामपूरच्या घाटासारखा चढ लागला, कीं इंजिन वर व टाकी खालीं अशी स्थिति होई आणि गाडी उपाशी थांबे. शहाणा मालक मग गाडी फिरवी आणि चढ उलटा चढे! हंसूं येतें खरें. पण पदार्थविज्ञानाचा जो धडा फळ्यावर शिकवितांना माझा खडू झिजला, तो त्या मालकाला एका चढणींत समजत असे. हँडल मारतांना अंगठा बोटांच्याच बाजूस ठेवावयाचा, हाहि असाच धडा. इंजिनानें उलटा झटका दिला तर मनगट मोडे. १९१२ सालच्या कॅडिलॅक गाडींत विजेचा स्टार्टर आला आणि हें भय हळूहळू ओसरलें.

नगर-पुणें रस्त्यावर १ जून १९४८ रोजीं राज्य-वाहतुकीची पहिली बस धांवली. तरी आडगांवच्या डॉक्टराला रात्रीं-अपरात्रीं स्वतःच्या गाडीवांचून गत्यंतर नसे. परदेशी मोटारींची आयात पुढें फारच आंखडली. देशी फियाट व अँबॅसडर यांसाठीं वर्षानुवर्षें नंबर लागत नसे. अशा वेळीं दुसऱ्याच्या हातून आलेली गाडी हाच आधार, आणि ती जगवावयाची म्हणजे मालकानें बाह्या वर सारावयाच्या.

अँबॅसडरच्या डिस्ट्रिब्यूटरचें झांकण काढलें, कीं आंत 'पॉइंट' दिसत. दोहोंमधील अंतर सुमारें पंधरा हजारांश इंच. फॅराडेनें १८३१ सालीं दाखविलेलें विद्युत्-प्रवर्तनाचें तत्त्व येथें मिनिटाला हजारों वेळां राबत असे: पॉइंट उघडतांच कॉइलमधील प्रवाह तुटे आणि प्लगवर ठिणगी पडे. पॉइंट ज्यावर टेकून उघडे तो टेकू झिजला म्हणजे अंतर कमी होई, ठिणगी उशिरां पडे, गाडी चढाला दमे. एक पातळ पोलादी पट्टी व एक पेंचकस एवढ्या सामानानें हा दोष पाव तासांत निघे. पॉइंट वारंवार जळूं लागले तर कंडेन्सरवर संशय घ्यावा, हें जाणत्या मालकाला सांगावें लागत नसे. गाडीखालीं शिरतांना मात्र केवळ जॅकवर विसंबण्याची संवय पुष्कळांना होती, आणि ती अजूनहि आहे. जॅक सरकला तर पश्चात्तापाला वेळ उरत नाहीं. सांगाड्याखालीं भक्कम टेकू दिल्यावांचून खालीं जाऊं नये.

आतां या जुन्या गाड्यांपुढें नवीनच प्रश्न उभा आहे, आणि त्याचें एक मूळ आपल्याच जिल्ह्याच्या उसांत आहे. विठ्ठलराव विखे पाटलांनीं व धनंजयराव गाडगिळांनीं उभारलेला प्रवरेचा सहकारी साखर कारखाना १९५०-५१ च्या हंगामांत सुरू झाला. अशा कारखान्यांनीं जिल्ह्याचें रूप पालटलें. उसापासून इथेनॉलहि निघतें, आणि २०२५ सालीं देशांतील पेट्रोलांत त्याचें प्रमाण वीस टक्क्यांवर पोंचलें. शेतकऱ्याला त्याचा लाभ आहे. मी त्याविरुद्ध बोलत नाहीं. परंतु कार्ब्युरेटरच्या गाडीला हा बदल कळत नाहीं. नवीं इंजिनें धुरांतील प्राणवायु मोजून पेट्रोल कमी-अधिक करतात. कार्ब्युरेटरचें भोंक आहे तेवढेंच राहतें, आणि मिश्रण पेट्रोलाच्या मानानें विरळ होतें. शिवाय इथेनॉल हवेंतील ओल शोषतें, टाकींतील जुना गाळ सोडवून फिल्टरांत आणतें, आणि जुन्या जातीचें रबर फुगवून ठिसूळ करतें.

पेट्रोलच्या नळींतून गळलेला थेंब तापलेल्या धुराड्यावर पडला तर काय होईल हें सांगावयास नको. म्हणून ज्यांच्या घरीं अशी गाडी आहे त्यांनीं इंजिन थंड असतां टाकीपासून कार्ब्युरेटरपर्यंतची प्रत्येक रबरी नळी बोटांनीं वांकवून पाहावी. भेग दिसली, चिकटपणा लागला किंवा पेट्रोलाचा वास आला, तर इथेनॉल सोसणारी नळी मागून घ्यावी आणि ती बसेपर्यंत गाडी सुरू करूं नये.