चिकटपट्टीची उडती शाखा

निरगुडसरच्या ऊसपट्ट्यात विहिरीवरच्या मोटारीच्या केबलला जोड द्यायचा झाला की वायरमनच्या खिशातून काळी टेप निघते. ताणून चार वेढे दिले, टोक दातांनी तोडलं, की स्टार्टर दाबायला मोकळा. ग्लायडर मात्र इथे बघायला मिळायचं नाही. त्यासाठी हडपसरचं ग्लायडिंग केंद्र गाठावं लागतं. या बिनइंजिनाच्या विमानाचा पंख जिथे धडाला मिळतो, तिथली फट बुजवायला जगभर जी पांढरी टेप वापरतात, ती या काळ्या टेपची सख्खी बहीण. दोघी पीव्हीसीच्याच. पण मोटारीवरची वर्षानुवर्षं सुटता कामा नये, आणि ग्लायडरवरची संध्याकाळी मुकाट्याने निघाली पाहिजे.

हे कूळ मुळात दवाखान्यातलं. हॅम्बर्गच्या बायर्सडॉर्फ कंपनीची एक औषधी पट्टी कातडीला सोसवेना इतकी घट्ट चिकटायची. कंपनीने 1896 मध्ये ती सायकलच्या टायरची भोकं बुजवायला विकायला काढली. कातडीला मानवणारं ल्युकोप्लास्ट 1901 मध्ये आलं, आणि ते आपल्याही घराघरांत पोचलं. अमेरिकेत दुरंगी मोटारींची फॅशन आली तेव्हा रंगाऱ्यांची वेगळीच रड होती: कड झाकायला लावलेली पट्टी काढताना ताजा रंगही सोलून यायचा. थ्रीएम कंपनीतल्या रिचर्ड ड्रू नावाच्या, एकेकाळी बँजो वाजवून पोट भरणाऱ्या तरुणाने 1925 मध्ये त्यावर मास्किंग टेप काढली. बेताने चिकटायचं आणि निमूट सुटायचं, हा गुण कुळात आला तो इथे. माझ्या मते ग्लायडरच्या टेपचा खरा पूर्वज हाच.

पीव्हीसीची टेप 1940च्या दशकात विजेच्या तारांसाठी घडली. त्या प्लास्टिकला मऊपणा आणणारं तेलकट द्रव्य हळूहळू गोंदात उतरायचं आणि गोंदाचा चिखल व्हायचा. ते जमवता जमवता संशोधकांच्या नाकी नऊ आले. स्वस्त टेप उन्हात राहिली की ही जुनी खोड आजही डोकं वर काढते.

ग्लायडरकडे तोवर स्वतःची पट्टी होती, पण ती कायमची. लाकडी सांगाड्यावर कापड ताणायचं, डोप नावाचं लुकण फासायचं आणि शिवणीवर दातेरी कडेची कापडी पट्टी डोपनेच बसवायची. आपलं ‘रोहिणी’ हे 1961 मध्ये पहिल्यांदा उडालेलं दोन आसनी ग्लायडर असंच लाकूड, प्लायवूड आणि कापडाचं. भारतीय ग्लायडरांची नावं म्हणजे पंचांगच: अश्विनी, भरणी, कार्तिक, रोहिणी, मृगशीर्ष, आर्द्रा. सरकारी खात्याला इतकं देखणं बारसं क्वचित जमतं.

पण ग्लायडर हे सुटं करून ट्रेलरवर न्यायचं यंत्र. पंख काढायचे, पुन्हा जोडायचे. त्या सांध्यावर कायमची पट्टी कशी चालेल? आणि सांधा उघडाही ठेवता येत नाही. पंखाखाली हवेचा दाब जास्त, वर कमी; मिळेल त्या फटीतून हवा वर घुसते आणि वरच्या पृष्ठाला धरून सरकणारा प्रवाह विस्कटते. दुसऱ्या महायुद्धानंतर मिसिसिपीत ऑगस्ट रास्पेट यांनी अशा गळत्या बुजवून आणि पृष्ठभाग घासूनपुसून किती फरक पडतो ते प्रत्यक्ष उडून मोजलं. त्यांच्या हाताखालून गेलेल्या ‘आरजे-5’ या ग्लायडरमध्ये रिचर्ड जॉन्सनने 1951 साली 861 किलोमीटर अंतराचा विक्रम केला. पुढे 1957 मध्ये जर्मनीत ‘फीनिक्स’ हे काचतंतूंचं पहिलं ग्लायडर उडालं. त्या गुळगुळीत अंगावर पीव्हीसीची टेप झकास बसू लागली.

मग निवड कशी करायची? कापडी डक्ट टेप मजबूत, पण जाड. तिची कड म्हणजे हवेला पायरी, शिवाय मागे गोंदाचा थर. सेलोटेप वळणावर सुरकुततो. पातळ, वळणाला धार्जिणी पीव्हीसीच बरी. आधी दव आणि धूळ पुसायची. टेप न ताणता ठेवायची, कारण ताणलेली पीव्हीसी आक्रसते आणि टोकं उचलली जातात. मोटारीवरची सवय इथे नडते ती अशी. दोन तुकडे जोडायचे तर पुढच्याची कड मागच्यावर, कौलांसारखी. कोपरे कात्रीने गोल. वेगमापकाला हवेचा दाब पोचवणारी भोकं आणि पाणी निचरायची छिद्रं झाकली गेली नाहीत ना, ते बोट फिरवून बघायचं. काढताना घाई नको. थंडीत जुना रंग सोबत येतो.

हलणाऱ्या भागांचं दुखणं निराळं. एलेरॉन म्हणजे पंखाच्या मागच्या कडेचं हलणारं पातं; त्याच्या बिजागरीवरची टेप ते शेवटपर्यंत वर-खाली फिरवून बसवावी लागते, नाहीतर वैमानिकाच्या हातातली दांडी जड होते. तिथे वजनाचाही हिशेब असतो, म्हणून हे काम हौशी हातांचं नाही.

याच कुळात एक उलट्या डोक्याची टेपही आहे, नागमोडी कडेची. जुन्या कापडी पट्टीचे दाते धागे उसवू नयेत म्हणून होते. हिचे हवेला मुद्दाम ढवळण्यासाठी. अतिशांत प्रवाह काही जागी पृष्ठभाग सोडून उचलला जातो आणि रोध वाढतो. आधीच थोडा ढवळला तर चिकटून राहतो. पट्टी पातळ पडली तर प्रवाह ढिम्म हलत नाही, जाड झाली तर तीच रोध वाढवते. म्हणून तिची जागा आणि जाडी मिलिमीटरच्या अंशापर्यंत ठरवलेली असते.