गडावरून दिसणाऱ्या पायऱ्या

आमच्याकडं गड म्हटलं की कुणी किल्ला समजत नाही. बीड जिल्ह्यात गड म्हणजे डोंगरावरची संताची गादी. नारायणगड, गहिनीनाथगड, मच्छिंद्रनाथगड आणि पाथर्डीच्या हद्दीवरचा भगवानगड, सगळे बालाघाटाच्या उंचवट्यावर बसलेले. त्यात आमचा नारायणगड जुना. नगद नारायण महाराजांची ही जागा. लोक हिला धाकटी पंढरी म्हणतात. ज्याला आषाढीला पंढरपूर घडलं नाही, तो इथं येऊन माथा टेकतो. भगवानबाबासुद्धा आधी इथंच माणिकबाबांपाशी होते. खरवंडीजवळच्या डोंगरावर त्यांनी भगवानगड उभा केला तो त्यानंतर.

मी पाच-सहा वर्षांचा असल्यापासून गडावर जातो. मायच्या मागं, अनवाणी, पहाटंच निघायचं. दर्शन झालं की माय कडंला बसून शिदोरी सोडायची. भाकरी, ठेचा, कांदा. खाता खाता खालचं सगळं शिवार दिसायचं. माय म्हणायची, "देवानं बघ कशी चांगली जागा धरलीय." आता कळतं की आम्ही निसर्ग पाहायला म्हणून कधी कुठं गेलोच नाही. आम्ही देवाला गेलो. पण देव बसलेलाच अशा जागी की निसर्ग आपोआप पाहून व्हायचा. कपिलधारला मन्मथस्वामींच्या समाधीला गेलो, तर धबधबा पाहिला. पाटोदा तालुक्यात सौताड्याला रामेश्वराला गेलो, तर विंचरणा नदी कड्यावरून खाली कशी उडी घेते ते पाहिलं. नुसतं पाणी पडताना बघायला चाललो असं सांगितलं असतं, तर दादांनी, म्हणजे आमच्या वडिलांनी, बैलाच्या चाबकानंच झोडपलं असतं.

मागच्या श्रावणात नातवाला घेऊन गडावर गेलो. नववीला आहे. दर्शन घेऊन आम्ही कडंला बसलो. पाऊस उघडला होता, हवा धुतल्यासारखी स्वच्छ होती. नातू म्हणाला, "आबा, हे डोंगर वरून सपाट काहून? आन् बाजूनं पायऱ्या केल्यावाणी काहून दिसतात?"

हा प्रश्न मला पन्नास वर्षांत कुणी विचारला नव्हता. माझं शिक्षण दहावीपर्यंत. भूगोलाच्या पुस्तकात एक ओळ होती की दख्खनचं पठार लाव्हारसापासून बनलं. पाठ केली, मार्क घेतले, विसरलो. त्या ओळीचा अर्थ मला पुढं विहिरीनं शिकवला.

सन १९७२. मी अकरा वर्षांचा. पाऊस गेलाच. ज्वारी हातभर वाढून वाळली. गावाजवळ खडीचं काम निघालं. दादा घणानं मोठा धोंडा फोडायचे, माय आणि मी हातोडीनं त्याची खडी करायचो. फुफाट्यात बसून दिवसभर तेच. बरासवर माप व्हायचं. पोरांना सुकडी मिळायची, घरी मिलो यायचा, लाल ज्वारी, त्याच्या भाकरी नीट थापता यायच्या नाहीत. दगडाची कपची उडून माझ्या भुवईला लागली, तो वण अजून आहे. त्या वर्षी काळ्या दगडाची आणि माझी खरी ओळख झाली. एक दगड घणाच्या चार घावांत फुटायचा, तर दुसरा चाळीस घावांतही ठिणग्याच टाकायचा. दोन्ही एकाच डोंगराचे. असं का, ते तेव्हा कळलं नाही.

दुष्काळ सरल्यावर तिसऱ्या वर्षी दादांनी विहीर काढली. एका म्हाताऱ्या वडाराला बोलावलं. तो शाळेत गेलेला नव्हता, पण जमिनीच्या पोटातलं त्याला पुस्तकासारखं वाचता यायचं. वर काळी माती. तिच्याखाली मुरूम. मग मांजऱ्या लागला, म्हणजे भोकाभोकाचा, मऊ, पांढरे ठिपके असलेला दगड. त्यात थोडा पाझर आला. दादा खुश झाले. पण खाली काळा पाषाण लागला. तीन महिने सुरुंग चालले. पाषाण सरेना आणि पाण्याचा थेंब दिसेना. दादांनी मायची पाटली मोडली. काम थांबवायची वेळ आली तेव्हा वडार म्हणाला, "पाटील, तांबडा पट्टा लागूस्तोवर थांबू नका." आठ दिवसांनी खरंच विटेच्या भुग्यासारखा तांबडा थर लागला. त्याच्याखाली पुन्हा मांजऱ्या, आणि त्यातून मनगटाएवढा झरा सुटला. माय विहिरीच्या काठावर बसून रडली.

त्या वडाराला काय माहीत होतं, ते मला पुढं वाचून कळलं. साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वी या मुलखात जमिनीला लांबच लांब भेगा पडल्या आणि त्यातून लाव्हा वाहिला. आपण चित्रात पाहतो तसा टोकदार डोंगर आणि वर धूर, तसं इथं नव्हतं. भेगांतून रस निघून चहूकडं पसरला, थिजला. मग काही काळ शांत. त्या थरावर माती तयार झाली. पुन्हा रस आला, त्यानं ती माती भाजून तांबडी केली. असे थरावर थर बसले. आज जवळपास पाच लाख चौरस किलोमीटर मुलूख या दगडानं झाकलेला आहे. प्रत्येक थर थिजताना त्यातली हवा वर आली, म्हणून वरचं अंग भोकाभोकाचं राहिलं आणि खालचं घट्ट. त्या भोकांत पुढं पांढरे खडे आणि गारगोट्या भरल्या, ज्या आम्ही पोरं चकमक म्हणून ठोकायचो. घट्ट पाषाणात चीर असेल तरच पाणी, नाहीतर नाही. भोकाच्या दगडात पाणी मुरतं. तांबडा पट्टा म्हणजे दोन थरांमधली शीव. ती ओलांडली की खालच्या थराचं सच्छिद्र डोकं लागतं. वडार हेच सांगत होता.

नातवाला म्हणालो, "विहीर म्हणजे उलटा डोंगरच. विहिरीत जे थर खाली जाताना दिसतात, तेच डोंगरात वर चढताना दिसतात. मऊ थर पावसानं झिजतो, त्याचा उतार होतो. पाषाण झिजत नाही, त्याचा कडा राहतो. उतार, कडा, उतार, कडा. झाल्या पायऱ्या." इंग्रज लोक या दगडाला ट्रॅप म्हणाले. तो शब्द उत्तर युरोपातल्या भाषेतला आणि त्याचा अर्थ पायरी असाच आहे. म्हणजे पोराला जे दिसलं तेच साहेबालाही दिसलं होतं.

मी तीन हंगाम कोयत्यावर गेलो होतो. सातारा-कऱ्हाडकडं ट्रकमधून जाताना सह्याद्री दिसला, तिथंही ह्याच पायऱ्या, फक्त आमच्यापेक्षा कितीतरी उंच. एकदा शेगावहून येताना लोणारला उतरलो. जवळजवळ दोन किलोमीटर रुंदीचा गोल खड्डा, आत खारं पाणी आणि काठावर देवळं. पूर्वी काही जाणते त्याला ज्वालामुखीचं तोंड समजायचे. ते तोंड नव्हे. आभाळातून पडलेल्या उल्केनं आपल्या काळ्या दगडाला पाडलेला तो खड्डा आहे. हा दगड माणसानं फोडलाही आणि घडवलाही. वेरूळचं कैलास लेणं ह्याच्यातलं, आणि आपल्या अंबाजोगाईच्या हत्तीखान्यातले हत्तीही ह्याच्यातलेच. बीडची खजाना विहीर निजामशाहीत सलाबतखानानं बांधवली. तिचं पाणी जमिनीखालच्या कालव्यांनी मोटेशिवाय, नुसत्या उतारानं शेतात जातं. ज्यांनी ती केली त्यांना ह्या जमिनीचा उतार आणि पाझर दोन्ही कळले होते.

नातू ऐकत होता. मग त्यानं हात लांब केला. "आबा, आपल्या रानाकडच्या त्या टेकडीला पायरी काहून नाही? अर्धी कापल्यावाणी दिसतीय."

मला वाटलंच होतं की त्याची नजर तिकडं जाईल.

ती टेकडी आमचीच. खाली विहीर, वर बरड माळ. कुसळी गवताशिवाय तिथं काही उगवत नव्हतं. २०१२-१३ साली पुन्हा दुष्काळ पडला. गावोगाव टँकर, चारा छावण्या. पोरीचं लग्न ठरलेलं. एक खडीक्रशरवाला आला. माळावर काय पिकतं तुमच्या, म्हणाला. खरं होतं. पाच वर्षांच्या करारावर सही केली, पोरीचं लग्न लावलं, वर बोअर पाडलं. त्यानं खुणेच्या दगडापुढं दोन एकर जास्त खाल्लं. भांडलो, चकरा मारल्या, हाती काही लागलं नाही. पण सही माझी होती, हे मी विसरत नाही.

आधी वरचा मुरूम गेला, मग मांजऱ्या, मग काळा पाषाण. पाषाणासाठीच ते आले होते. रस्त्याला तोच लागतो. दादांची विहीर पूर्वी मार्चपर्यंत दोन मोटा पाणी द्यायची. आता संक्रांतीला तळ दिसतो. टेकडी फोडल्यामुळंच पाणी गेलं असं मी शपथेवर म्हणणार नाही. त्याच वर्षांत सगळ्या शिवाराला बोअरांनी चाळणीवाणी भोकं पडली, त्यात माझंही एक आहे. पण माळावरचा मुरूम पावसाळाभर पाणी पिऊन हळूहळू खाली विहिरीला सोडायचा, हे मी डोळ्यांनी पाहिलेलं आहे. मुरूम गेला. आता पाऊस पडला की उघड्या खडकावरून तासाभरात ओढ्याला जातो. काहीच पिकत नाही म्हणून जो माळ दिला, तो पाणी पिकवत होता. ते सातबाऱ्यावर कुठं लिहिलेलं नसतं.

नातवाला म्हणालो, "ती पायरी मीच विकली, बाबा."

तो जरा वेळ गप्प बसला. मग म्हणाला, "तयार व्हायला किती वर्षं लागली म्हणले तुम्ही?"

"साडेसहा कोटी वर्षांपूर्वीची ती."

"आन् फोडायला?"

"साडेचार वर्षं."

तो पुढं काही बोलला नाही. बोलला असता तर बरं झालं असतं.

गडावरून उतरलो. चार एकर माळ अजून शिल्लक आहे. त्यावर मी उताराला आडवे दगडी बांध घातले, सलग चर खणले. दोन पावसाळे झाले. विहिरीचं पाणी पंधरा-वीस दिवस जास्त टिकतं, त्याहून जास्त काही सांगण्यासारखं नाही. मुलाला बजावलंय, वावर विकायची वेळ आली तर वावर विक, माळ विकू नको. त्याला हसू आलं. बाप म्हातारा झाला असं त्याला वाटलं असेल.

फोडलेल्या कड्यात आता सगळे थर उघडे पडलेत. काळा, भोकाचा, मध्ये तांबडा पट्टा. तुम्ही कधी नारायणगडाला आलात तर दर्शन झाल्यावर कडंला जरा बसा आणि पायऱ्या मोजा. एक टेकडी अर्धी दिसेल. ती आमची.